एपिसोडभाऊ

एपिसोडभाऊ प्रत्येक गावात एक तरी असतोच. आमच्या जालन्यात तो नव्या मोंढ्यातल्या एका कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसतो. समोर बियाण्यांच्या पिशव्यांची थप्पी, डोक्यावर राजूरच्या गणपतीचा फोटो आणि गल्ल्याच्या अर्धवट उघड्या खणात, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा बेताने टेकवलेला मोबाइल. मोबाइलमध्ये विमान कोसळलेलं असतं, माणसं जंगलातून जीव घेऊन पळत असतात आणि भाऊ न बघता कपाशीची दोन पाकिटं मोजून देत असतात. पाकिटं बरोबर दोनच भरतात. सुट्टे पैसे मात्र विमानात राहतात.

डोळे कायम तांबारलेले. नव्या माणसाला वाटतं, पितात. सुरुवातीला घरच्यांनाही तीच शंका होती. खरं कारण कळलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "पिणारा निदान लवकर झोपतो तरी."

मालिका बघत जागायचं भाऊंचं हे दुखणं जुनं आहे. १९९८ साली 'सीआयडी' सुरू झाली तेव्हा लागण झाली. प्रद्युम्न साहेबांनी बोटं फिरवली की भाऊ इकडे खुनी कोण ते जाहीर करायचे. बहुतेक वेळा चुकायचं, पण जाहीर करायचा उत्साह कमी झाला नाही. २००७ मध्ये 'असंभव' आली आणि पुनर्जन्मावर त्यांचा विश्वास बसला. २०१६ च्या फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली, तेव्हा त्यांनी कोकण पाहिलेलंही नव्हतं; पण नाईकांच्या वाड्यात कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत जाता येतं हे ते स्वतःच्या घरापेक्षा चांगलं सांगू शकायचे. स्वतःच्या घरात त्यांना खलबत्ता कुठे असतो ते अजून माहीत नाही.

मग पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला भाचा दिवाळीत आला आणि ओवाळणीच्या बदल्यात मामाला एक पेन ड्राइव्ह देऊन गेला. त्यात 'लॉस्ट' होती. सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली, मे २०१० मध्ये संपलेली, सहा सीझन आणि १२१ भागांची मालिका. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान एका बेटावर कोसळतं. वाचलेल्यांना तिथे जगायचं असतं, आणि त्या बेटाचं काहीतरी वेगळंच चाललेलं असतं. उष्ण प्रदेशातल्या जंगलातून पांढरं अस्वल धावत येतं आणि ते का येतं हे कोणी सांगत नाही. भाऊंना एवढं पुरे होतं.

मालिका इंग्रजीत होती, पण भाऊंचं इंग्रजी कीटकनाशकांच्या लेबलांवर पोसलेलं. विष, धोका, लहान मुलांपासून दूर ठेवा, इतकं त्यांना पक्कं कळतं. रहस्यमालिकेला त्याहून जास्त इंग्रजी लागत नाही.

चौथ्या भागाची रात्र आमची गल्ली कधी विसरणार नाही. भागाचं नाव 'वॉकअबाउट'. जॉन लॉक नावाचा एक टकला गृहस्थ असतो. बेटावर सगळे रडत बसलेले असताना हा सुऱ्यांची पेटी उघडतो आणि रानडुकराच्या मागे जातो. मध्ये मध्ये त्याचं आधीचं आयुष्य दाखवतात. कचेरीतला कारकून, साहेबाची बोलणी खाणारा, ऑस्ट्रेलियाच्या रानात पायी भटकंतीला जायचं म्हणून पैसे साठवणारा. तिथे पोचल्यावर सहलवाला त्याला न्यायला नकार देतो. लॉक चिडतो, ओरडतो, आणि कॅमेरा हळूहळू मागे येतो. तो चाकांच्या खुर्चीत बसलेला असतो. चार वर्षं पाय गेलेला माणूस विमान कोसळल्यावर बेटाच्या वाळूत अंगठा हलवून बघतो आणि उभा राहतो.

रात्री दीडच्या सुमारास भाऊंच्या गच्चीवरून आरोळी आली, "आगं माय! आलं! आलं की!"

जालन्यात मध्यरात्री असं कोणी ओरडलं तर त्याचा अर्थ एकच, नळाला पाणी आलं. पाच मिनिटांत गल्लीतले सगळे दिवे लागले. कोणी मोटार चालू केली, कोणी पाइप ओढला, कोणी ड्रमवरचं झाकण काढलं. मीही दोन बादल्या घेऊन खाली आलो. मोटारी कोरड्याच घरघरायला लागल्या तेव्हा सगळे भाऊंच्या दारात जमले.

"काय आलं, भाऊ?"

"ध्यानात आलं," भाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "आवो, त्याला चालताच येत नव्हतं. पहिल्यापासून. आन् आपण तीन भाग बघत बसलो, एकालाबी कळलं नाही."

कोणाला, कुठे, काहून, असे प्रश्न झाले. भाऊंनी पायरीवर बसून सगळी गोष्ट सांगितली. बादल्या हातातच राहिल्या आणि लोक ऐकत राहिले. भाऊंची हीच करामत आहे. मालिका ते बघतात एकटे, पण बघून झाल्यावर ती एकट्याची ठेवत नाहीत. शेवटी समोरच्या आजींनी विचारलं, "मंग ते बेट कोणाचं म्हणायचं?"

"म्हणजे?"

"जागृत स्थान असल ना बाबा. लंगडा चालाया लागला म्हंजे कोणता तरी देव असणारच तिथं. नवस बोलला व्हता का त्यो?"

अमेरिकेतले चाहते बेटात काय शक्ती आहे यावर वर्षानुवर्षं डोकं फोडत होते. आजींनी तो प्रश्न बादली खाली न ठेवता सोडवला. पुढच्या सीझनांत बेटाची शक्ती, तिचा राखणदार वगैरे निघालं तेव्हा भाऊ खास आजींच्या घरी जाऊन पेढे देऊन आले. त्या अंगारकीला दोघं राजूरला पायी जाणाऱ्यांच्या गर्दीत होते, आणि भाऊ वाटभर लोकांना लॉक सांगत होते.

सगळ्याच भागांवर मात्र भाऊ असे गहिवरत नाहीत. पाचव्या भागात बेटावरचं पिण्याचं पाणी संपतं आणि माणसं बाटल्यांवरून एकमेकांच्या अंगावर जातात. अमेरिकेत तो भाग थरारक ठरला असेल. भाऊंना तो पोरकट वाटला. "एवढी माणसं, आन् ड्रम एक नाही," ते म्हणाले. "आपल्या जालन्याची एक बाई त्या विमानात असती, तर पहिल्याच पावसात पंखाखाली ओळीनं भांडी लावली असती. वरून नंबरासाठी भांडली असती." ज्या शहराने २०१२-१३ च्या दुष्काळात निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव कोरडा पाहिला आणि लोकवर्गणीतून त्यातला गाळ उपसला, त्या शहराला पाचव्या भागाचं कौतुक कसं वाटावं?

दुकानात आलेल्या शेतकऱ्यांना मात्र सुटका नसते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको काढली तेव्हापासून जालना हे बियाण्यांचं गाव झालं. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लोक बियाणं घ्यायला येतात. ते येतात सोयाबीन न्यायला आणि जातात 'लॉस्ट'च्या बेटावरल्या धूरराक्षसाची हकिकत घेऊन. अंबडकडचा एक बागाईतदार मोसंबीची फळगळ थांबेना म्हणून घायकुतीला येऊन उभा होता. भाऊ त्याला दुसऱ्या सीझनमधलं भुयार समजावून सांगत होते. जमिनीखाली एक खोली, तिच्यात एक यंत्र, आणि दर १०८ मिनिटांनी ठरलेले आकडे भरून बटण दाबायचं. नाही दाबलं तर जग बुडेल. माणूस वर्षानुवर्षं तिथे बसून बटण दाबतोय, रात्र नाही, दिवस नाही.

शेतकऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "एकशेआठ मिनिटं सलग लाईट राहती व्हय त्या बेटावर?"

रात्रीच्या फेरीत दोन वाजता विहिरीवर जाऊन मोटारीचं बटण दाबणाऱ्या माणसापुढे ते भुयार एकदम ऐषारामी दिसायला लागलं. भाऊंनी त्या दिवशी फवारणीच्या औषधावर आपणहून सूट दिली.

१०८ या आकड्याने तर भाऊंचा पुरता ताबा घेतला. मालिकेत ४, ८, १५, १६, २३, ४२ असे सहा आकडे सारखे येतात. एक जाडा पोरगा ते लावून लॉटरी जिंकतो आणि त्याच्यामागे साडेसाती लागते. भाऊंनी आकड्यांची बेरीज केली. भरली १०८. त्यांनी कॅल्क्युलेटर दोनदा पुसून पाहिला. जपमाळेचे मणी १०८. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. त्यातच बेटावर प्रयोग करणाऱ्या संस्थेचं नाव 'धर्मा' निघालं आणि तिथली गोरी माणसं एकमेकांना 'नमस्ते' करताना दिसली. मग भाऊंना आवरणं कठीण होतं. "सगळं आपल्याकडूनच गेलंय," ते मोंढ्यात सांगत सुटले. "नुसतं विमान त्यांचं."

सईद नावाच्या इराकी सैनिकाचं काम करणारा नवीन अँड्र्यूज लंडनमध्ये मल्याळी आईवडिलांच्या पोटी जन्मला, हे भाच्याने सांगितल्यावर भाऊंना अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. "केरळातला माणूस कशाला नेला? तिकडं वर्षभर पाऊस. टिकून राहायच्या मालिकेला मराठवाड्याचा माणूस पाहिजे."

भाऊंना शिवी दिलेली चालते, उधारी थकलेली चालते. पुढचं सांगितलेलं चालत नाही. भाच्याने एकदा जेवताना सहज "मामा, तो मरतो हं," एवढंच म्हटलं. कोण ते सांगितलंही नव्हतं. भाऊ ताटावरून उठले. नंतर कितीतरी दिवस ते भाच्याशी वहिनींमार्फत बोलत होते. त्या काळात मालिकेत जो जो मेला त्याचं पाप त्यांनी भाच्याच्या खात्यावर टाकलं.

शेवटचा भाग त्यांनी दुकान बंद ठेवून पाहिला. पाहून झाल्यावर नुसते बसून राहिले. बाहेर मात्र वाद पेटायला वेळ लागला नाही, कारण भाच्याच्या मित्रांचं म्हणणं होतं की ही माणसं पहिल्या भागातच मेलेली होती. जगभर अनेकांचा हाच समज झाला आहे. भाऊंनी तो खोडून काढला. "बेटावर घडलं ते खरंच घडलं," ते म्हणाले. "मेले ते ज्याच्या त्याच्या वेळंला. शेवटी त्या देवळात भेटले ती मधली जागा. पिंडाला कावळा शिवंस्तोवर माणूस थांबतो ना, ते थांबलं होतं. एकमेकांची ओळख पटली, कावळा शिवला, गेले." सहा सीझनांची इतकी थोडक्यात आणि इतकी बरोबर उकल मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

शोक ओसरला आणि भाऊंमधला दुकानदार जागा झाला. त्यांनी उधारीची वही उलटी करून मागच्या बाजूने नवं खातं उघडलं: डेमन लिंडेलॉफ व कार्लटन क्यूस, लेखक, मुक्काम अमेरिका. खाली 'येणे' म्हणून प्रश्नांची यादी. पांढऱ्या अस्वलापुढे लिहिलं आहे, 'अर्धे मिळाले', कारण धर्मावाल्यांनी प्रयोगासाठी अस्वलं आणली एवढा खुलासा होतो. आकड्यांपुढे 'बाकी'. मालिकेतल्या वॉल्ट नावाच्या पोरामध्ये एवढं काय विशेष होतं, यापुढे 'बाकी' आणि त्याखाली दोन रेघा. दर पाडव्याला वह्यांची पूजा करताना भाऊ हे खातंही पुढच्या वहीत ओढतात. बुडीत म्हणून सोडायला ते तयार नाहीत.

ही वही पाहिल्यावर मी त्यांना न राहवून विचारलं, "भाऊ, अमेरिकेतल्या लेखकाला अस्वलाचा जाब विचारता. मग आपल्या नळाला पाणी कधी आठव्या दिवशी येतं, कधी पंधराव्या, रात्री का येतं, शेजारच्या गल्लीत आधी का येतं, याचं खातं का नाही उघडत?"

भाऊंनी वही मिटली. "लेखक कोण ते कळू द्या," ते म्हणाले, "नाव कोणाचं घालू?"

त्यांचं अगदीच चूक नाही. मालिकेच्या सुरुवातीला नावं तरी येतात. पण कोणी लिहिलं हे कळत नाही म्हणून आपण विचारायचंच सोडून दिलं, आणि रात्री दीडला कोणी ओरडलं की बादल्या घेऊन पळायला शिकलो.

तेव्हा तुमच्या गल्लीत असा भाऊ असेल तर त्याला हसून सोडू नका. पुढचा पेन ड्राइव्ह द्यायच्या आधी त्याला एकदा पाणी सोडणाऱ्या माणसाकडे वहीसकट घेऊन जा. तो झोपत नाही, हिशेब सोडत नाही आणि १२१ भाग होईपर्यंत जागचा हलत नाही. पाण्याच्या कामाला माणूस असाच लागतो.