रुग्ण नावाचा व्यत्यय
अमेरिकेत २००९ साली संमत झालेल्या हायटेक कायद्याने इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदीला, म्हणजे रुग्णाचा सारा पूर्वेतिहास संगणकात साठवणाऱ्या प्रणालीला, अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन दिले आणि वैद्यकीय व्यवसायातला एक जुना दोष दूर झाला. तोपर्यंत डॉक्टर विनाकारण रुग्णाकडे पाहत असत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणक व टेबलावरील कामात जातात. ही प्रगती समाधानकारक असली, तरी तो एक तास अद्याप का वाया जातो, याचा खुलासा व्हायला हवा. औषध लिहिताना प्रणाली धोक्याच्या इतक्या सूचना देते की डॉक्टर त्या न वाचताच बंद करतात (या अवस्थेला ‘सूचना-थकवा’ म्हणतात), आणि बंद केल्याचीही नोंद राहत असल्याने दक्षतेचा पुरावा मात्र अबाधित राहतो. मागील भेटीचा मजकूर जसाच्या तसा चिकटवण्याची सोय असल्यामुळे रुग्णाची प्रकृती, निदान पडद्यावर तरी, वर्षानुवर्षे स्थिर असते.

लेखणी हद्दपार करणाऱ्या या यंत्रापायी अनेक रुग्णालयांनी ‘स्क्राइब’, म्हणजे डॉक्टरांचे बोलणे ऐकून संगणकात भरणारा पगारी लेखनिक, नेमला आहे. याच न्यायाने रुग्णाला तपासण्यासाठीही स्वतंत्र कर्मचारी नेमावा. पात्रता वैद्यकीय पदवी, आणि संगणक न येणाऱ्यास प्राधान्य.