सिटीची सीट, एट हंड्रेडचा बेल्ट

कुणी विचारलं तर मी अजूनही हेच सांगतो, की गाडीच्या सीटा मी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या कमरेसाठी बदलल्या. अण्णांचं वय ब्याऐंशी, कंबर त्याच वयाची आणि आमच्या मारुती एट हंड्रेडची सीट बुटकी. हे कारण ऐकलं की माणसं हळवी होतात आणि पुढचे प्रश्न टळतात. खरं कारण पार्किंगमध्ये आहे. तिथे माझ्या डावीकडे एक एसयूव्ही उभी असते आणि उजवीकडे तिची थोरली बहीण. त्या दोघींच्या मधून माझी २००५ सालची मारुती निघाली, की वॉचमन आधी मागे वळून बघतो, ही आली कुठून म्हणून.

नवी गाडी घ्यायची तर कर्ज काढायला हवं आणि कर्ज काढायचं तर आधी घरात विषय काढायला हवा. दुसरं जास्त महाग. मग सुचलं, बाहेरून बदलता येत नाही ना, आतून बदलू. त्या रात्री मला स्वतःबद्दल इतका आदर वाटला की झोप लागेना. डॉल्फिन होंडा सिटीच्या सीटा! जाडजूड, बाजूंनी उचललेल्या, काळ्या लेदरच्या. लेदर अस्सल नसतं हे मलाही ठाऊक होतं, पण खिडकीबाहेरून बघणाऱ्याला कुठे ठाऊक असतं?

एट हंड्रेडच्या मूळ सीटवर बसणं म्हणजे पाटावर बसणं, फक्त पुढ्यात ताट नाही. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी आली तेव्हा लोकांना चार चाकं आणि वर छप्पर हवं होतं. पाठीचं काय, असं कुणी विचारलं नाही. २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, तोवर एका अख्ख्या पिढीची पाठ त्या सीटच्या मापाची झाली होती.

सीटा मिळाल्या कुर्ल्याला, सीएसटी रोडवर. दुकानदाराने गाडी कुठली विचारलं. मी "आहे एक" म्हणून विषय टाळला, पण गाडी त्याच्या दुकानासमोरच उभी होती. तो गाडीकडे बघत राहिला. म्हणाला, "सीट तो बैठ जाएगी साब, आदमी किधर बैठेगा?"

प्रश्न गैरलागू नव्हता. ही सिटी रुंदीला १६९० मिलिमीटर, माझी गाडी १४४०. म्हणजे पंचवीस सेंटीमीटरचा फरक. एवढ्या जागेत आमच्याकडे एक पाहुणा झोपतो. पण हौसेपुढे मापं उभी राहत नाहीत. एक सीट मागे कोंबली आणि उरलेल्या फटीत बायकोला बसवलं. ती बिचारी दादरला साड्या बघायच्या म्हणून बरोबर आली होती. दुसरी सीट पुढे माझ्या शेजारी ठेवली. म्हणजे सीटवर सीट. परतीच्या वाटेवर घाटात सरकू नये म्हणून तिला बेल्टही लावला. खालापूरच्या टोलनाक्यावर बायको पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "तिला बेल्ट लावलास. माझा बेल्ट या दुसरीच्या खाली दबलाय." लोणावळ्यापर्यंत मी रस्त्याकडे फार एकाग्रतेने बघत होतो.

आमचे मिस्त्री मोठ्या मनाचे आहेत. कुठलंही काम सांगा, "होऊन जाईल" म्हणतात, आणि कसं होईल ते तुम्ही निघून गेल्यावर ठरवतात. सीट उलटी करून त्यांनी खालच्या रेल बघितल्या, गाडीच्या पत्र्यातली भोकं बघितली, दोघांचं काही जुळत नाही हे बघितलं आणि म्हणाले, "पट्ट्या मारू." म्हणजे मधे जाड लोखंडी पट्टी घालायची, तिचं एक टोक गाडीच्या मूळ भोकांना, दुसरं नव्या रेलला. तोवर सगळं सुरळीत होतं. मग बेल्टचा विषय निघाला.

होंडाच्या सीटला तिचं स्वतःचं बकल असतं, सीटच्याच सांगाड्याला बोल्टने बसवलेलं. सीट मागेपुढे केली की तेही सोबत जातं. माझ्या गाडीत बकल जमिनीच्या पत्र्याला. मिस्त्रींनी मारुतीच्या बेल्टची जीभ होंडाच्या बकलमध्ये घालून बघितली. आत गेली, पण टक् असा आवाज आला नाही. पुन्हा घातली, जोर लावला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून बघितलं. आवाज नाही. तेव्हा ते म्हणाले, "सिटीचे बेल्टच टाकू साहेब. सगळा सेट घेऊन या."

गॅरेजच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अण्णा बसले होते. (कारण मी त्यांचंच पुढे करत होतो, तेव्हा त्यांना आणणं भाग होतं.) ते शांतपणे म्हणाले, "सीट ही तुझी हौस आहे. बेल्ट आहे तोच राहील."

अण्णांनी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढलं. त्यांच्या मते जगात दोन प्रकारची माणसं असतात, आटे मोजणारी आणि आटे फिरवणारी. बेल्टचं बकल काढून परत बसवताना मिस्त्रींच्या हाताला डब्यातला दुसरा बोल्ट लागला आणि ते तो दाबून फिरवू लागले. बसेना, तेव्हा म्हणाले, "टॅप मारू." अण्णा उठले. एट हंड्रेडच्या सीटवरून ज्यांना उठवायला आम्ही दोघं लागतो, ते प्लॅस्टिकच्या खुर्चीतून एकटे उठले. म्हणाले, "अहो, सगळी गाडी मिलिमीटरची असली तरी हा बोल्ट इंचाचा आहे. सात-सोळांश. इंचाला वीस आटे." मी घरी जाऊन खात्री केली. बेल्टच्या बोल्टचं हे माप आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलेलं आहे. जपानी गाडी असो की जर्मन, तिथे इंच. माझ्या वडिलांना हे माहीत होतं आणि मला पन्नाशी उलटल्यावर कळलं, याचा राग मी त्या दिवशी मिस्त्रींवर काढला.

मग रीळ. खांबातलं रीळ मिस्त्रींनी साफ करायला काढलं, आडवं धरलं, बेल्ट ओढला. अडकला. हिसका दिला, आणखी अडकला. "रीळ गेलं साहेब." अण्णा म्हणाले, "उभं धरा." उभं धरलं आणि बेल्ट मऊसूत बाहेर आला. आत एक गोळी किंवा लंबक असतो. गाडी जोरात थांबली किंवा कलंडली की तो जागचा हलतो आणि रीळ जाम होतं. त्या बिचाऱ्या रिळाला वाटलं, गाडी उलटली. ते आपलं काम चोख करत होतं आणि आम्ही त्याला भंगारात घालायला निघालो होतो.

आता मला जरा निल्स बोलिनबद्दल बोलू द्या. त्याचा सीट बदलण्याशी फारसा संबंध नाही, पण तो माझा अलीकडचा आवडता माणूस आहे आणि घरात त्याचं नाव काढलं की लोक उठून जातात. बोलिन स्वीडनचा. आधी साब कंपनीत होता आणि तिथे तो इजेक्शन सीटवर काम करायचा, म्हणजे संकट आलं की वैमानिकाला खुर्चीसकट विमानाबाहेर फेकणारं यंत्र. १९५८ मध्ये व्होल्वोने त्याला बोलावून घेतलं आणि नेमकं उलटं काम दिलं, संकट आलं की माणूस खुर्चीतच राहिला पाहिजे. त्याने वर्षभरात करून दाखवलं! आपल्याकडे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली झालेला माणूस वर्षभर टेबल खिडकीजवळ मिळावं म्हणून अर्ज करत असतो.

त्याआधी बेल्ट नव्हते असं नाही. पोटावरून जाणारे होते, त्यातल्या काहींचं बकल ऐन पोटावर. धडकेत तेच पोटात घुसायचं. बोलिनने एकच पट्टा घेतला. तो खांद्यावरून छातीवर तिरपा आणला, कमरेशी वळवला आणि मांड्यांच्या वर आडवा नेला. बकल बाजूला, खाली, कमरेच्या हाडापाशी. एका हाताने लागतो, एका हाताने सुटतो. १९५९ मध्ये तो व्होल्वोच्या गाड्यांत बसला. आणि मग कंपनीने पेटंट स्वतःकडे असूनही ते सगळ्यांना वापरू दिलं. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल! बहुतेक जण विचारतात, "मग त्याला मिळालं काय?" मी गप्प बसतो, कारण पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्याही मनात तेच आलं होतं. आपण वीस वर्षांच्या गाडीत दुसऱ्याच्या सीटा घालून शेजाऱ्यांचं लक्ष वेधणारी माणसं. बोलिनचा पट्टा आपल्या छातीवर असतो आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं. आपल्याकडे पुढच्या सीटना बेल्ट देणं कंपन्यांना १९९४ मध्ये सक्तीचं झालं. मधली पस्तीस वर्षं आपण देवाच्या फोटोवर काढली.

असो. सीटा बसल्या. पट्ट्या जाड होत्या, त्यामुळे सीट दीडेक इंच वर आली. माझं डोकं छपराला टेकू लागलं आणि मला ते फार आवडलं; उंच गाडीत बसल्याचा भास होतो. दार लागायला एक धक्का जास्त लागायचा. हँडब्रेक ओढताना मधलं बोट सीटच्या कडेला घासायचं. यातलं काहीही मी घरी बोललो नाही.

अण्णा शेजारी बसले. बसता-उठता येत होतं, सहज. माझं खोटं कारण खरं ठरत होतं. त्यांनी बेल्ट ओढला आणि बकल शोधू लागले. ते जमिनीपाशीच होतं, सीट मात्र वर आलेली आणि रुंद. दोहोंच्या फटीत ते खोल गेलं होतं. त्या फटीत अण्णांची बोटं चाचपडत होती. ही बोटं एके काळी केसाच्या जाडीचा फरक नुसत्या स्पर्शाने सांगायची. आता सांध्यांत गाठी आहेत आणि हात थोडा थरथरतो. मी म्हटलं, "द्या, मी लावतो." ते म्हणाले, "नको." मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्यांनी जीभ सोडून दिली, बेल्ट सरकत खांबाकडे परत गेला आणि ते समोर बघत म्हणाले, "बाकी सगळं तूच करतोस. एवढं माझं मला करू दे."

मी गाडी वळवून थेट गॅरेजला नेली.

मिस्त्रींनी नव्या पट्ट्या केल्या, खाली दबलेल्या, मधे वाकवलेल्या. सीटच्या आतल्या बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण काढून टाकलं. तिथे बकल मोकळं आलं आणि पट्टा घासण्याची भीतीही गेली. अण्णांनी बसून बघितलं, आणि माझी परीक्षा घेतली: आडवा पट्टा पोटावर की कमरेच्या हाडावर? सीट वर गेली किंवा बकल चुकीच्या जागी असलं तर पट्टा पोटावर चढतो आणि धडकेत माणूस त्याच्या खालून पुढे घसरतो. मग पट्ट्याचा सगळा जोर मऊ भागावर. माझ्या बाबतीत कमरेचं हाड कुठे आहे यावर गॅरेजमध्ये थोडी चर्चा झाली. मिस्त्रींनी पोट वर धरायला सुचवलं. शेवटी सापडलं.

माझं डोकं मात्र आता छपराला टेकत नाही. गाडी पुन्हा एट हंड्रेड झाली.

तरी हौस होतीच. भर उन्हात काचा खाली करून मी सोसायटीत दोन जास्तीच्या फेऱ्या मारायचो. शेवटी थोरल्या एसयूव्हीवाल्यांचा मुलगा जवळ आला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "काका, सीट कव्हर मस्त आहेत. ऑनलाइन घेतलीत?"

याच मुलाच्या गाडीत बेल्टच्या बकलमध्ये एक चकती खोचलेली असते. आत माणूस नाही, बेल्ट नाही, नुसती जीभ. गाडीने पिंपिं करू नये म्हणून. या चकत्या इतक्या खपायच्या, की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-व्यापार कंपन्यांना त्या विकणं बंद करायला लावलं. तेव्हा १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. मला याचा मनापासून संताप येतो. आपण इंचाचा बोल्ट शोधत गॅरेजमध्ये बसायचं आणि इकडे लाखो रुपयांच्या गाडीतला माणूस पैसे मोजून टक् आवाज विकत आणतो. चौकात पोलीस दिसला की पट्टा छातीवर आडवा धरतो, चौक गेला की सोडतो. दंड हजार रुपये, आणि तेवढीच किंमत त्याने आपल्या छातीची ठरवलेली असते. अण्णा अशा गाडीत बसत नाहीत. "रिक्षाने येतो" म्हणतात.

तुमच्याही मनात सीट बदलायचं असेल तर एवढंच सांगतो. नव्या गाडीच्या सीटला हात लावू नका. तिच्या कुशीत एअरबॅग असू शकते आणि खाली पिवळ्या जोडाच्या वायरी असतात. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, ते आधी वाचा. पत्र्याला वेल्डिंग करू देऊ नका. मिस्त्री "होऊन जाईल" म्हणाले की खुर्ची घेऊन दारात बसा, आणि घरात कुणी आटे मोजणारं असेल तर त्यांना सोबत न्या.

आणि माझ्या मूळ सीटा माळ्यावर पडून आहेत. बायकोने दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. कुणाला हव्या असतील तर फुकट घेऊन जा, फक्त येताना मोठी गाडी आणा. बेल्ट मागू नका.