रॅमला घट माफ नाही

घरातला कॉम्प्युटर मध्येच निळा पडतो, बिल छापता छापता आपोआप रीस्टार्ट होतो, आणि काल बंद केलेली फाईल आज उघडतच नाही. अशा वेळी आमच्या चांदीच्या हुपरीतल्या रिवाजाप्रमाणे पहिली पायरी म्हणजे कॅबिनेटला एक थाप मारणे. दुसरी, लाइटला शिव्या घालणे. तिसरी, इचलकरंजीच्या भाच्याला फोन करणे. भाचा न बघताच म्हणेल, "विंडोज मारूया." मारू देऊ नका, आधी रॅम तपासा. खराब रॅमवर नवं विंडोज मारणं म्हणजे तडा गेलेल्या मुशीत पुन्हा चांदी आटवणं.

आता 'मेमरी' म्हणजे कुठली ते आधी ठरवा. मोबाईल "मेमरी फुल्ल" म्हणून ओरडतो ती तिजोरी. फोटो काढून टाकले की तिथं जागा होते. रॅम म्हणजे कारागिराच्या पुढ्यातली चांदी, काम चालू आहे तोवरच तिथं असणारी. लाइट गेली की पुढा रिकामा. त्यामुळे "लग्नाचे फोटो पुसू का?" असं घरात कोणी विचारलं, तर नाही म्हणा.

तपासणीची रीत हुपरीकराला शिकवायला नकोच. मालक कारागिराला चांदी तोलून देतो, पैंजण झाले की तोलून घेतो आणि ठरलेली घट सोडून हिशेब मिटवतो. मेमटेस्ट८६+ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम हेच करतो. रॅमच्या एकेका खणात शून्य-एकचे ठरावीक नमुने ठेवतो, परत वाचतो आणि जुळतात का बघतो. फक्त इथं घट नाही. एक चूक निघाली, तरी पट्टी बाद.

हे आमच्या आण्णांच्या गळी उतरवायला दोन दिवस लागले. "आठ जीबीत एकच चूक? मग लई इमानदार कारागीर की रं!"

शेवटी बेल्जियमची गोष्ट सांगावी लागली. २००३ साली तिथल्या स्कारबीक भागात मतदान यंत्रावर एका उमेदवाराला ४,०९६ मतं जादा पडली. आकडा शक्यच नव्हता म्हणून चूक सापडली. प्रोग्राममध्ये दोष निघाला नाही, तेव्हा मेमरीतला एक बिट आपसूक उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. शून्याचा एक झाला, बस्स. दोनाला दोननं गुणत बाराव्या घातापर्यंत गेलं की बरोबर ४,०९६ येतात. "आण्णा, ही मतं नसून ग्रॅम असते तर?" चार किलोच्या वर चांदी. आण्णांनी चष्मा लावला.

तर मेमटेस्ट पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. एखादी फेरी सुखरूप झाली म्हणून लगेच पेढे वाटू नका. काही पट्ट्या तापल्यावरच बोलतात. पेनड्राइव्ह नसेल तर विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधा. ते वरवरचं आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. बायोसमध्ये कुणी हौसेनं रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल, तर तो आधी मूळ जागी आणा.

मेमटेस्टमध्ये चुकांच्या लाल ओळी दिसल्या तर प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल, आणि पट्ट्या काढून एकेक करून तपासा. पट्टी बदलली तरी चूक त्याच खाचेत येत असेल, तर दोष खाचेचा, म्हणजे मदरबोर्डचा. दोन्ही पट्ट्यांवर एकदम संशय घेणं सोपं असतं, पण एकेकीची वेगळी साक्ष घ्या.

डीडीआर४ पट्टीच्या कडेला २८८ सोनेरी टोकं असतात. इथं हुपरीचा मान दुखावतो: विजेला चांदीइतकी मोकळी वाट दुसरा कुठलाच धातू देत नाही, तरी मुलामा सोन्याचा. कारण तुम्हाला कुणी सांगायला नको. हवेतल्या गंधकानं चांदी काळी पडते, सोनं पडत नाही. तेव्हा टोकांवर असतो तो नुसता मळ. पांढऱ्या खोडरबरानं हलकं पुसा. रिठ्याचं पाणी, पितळी ब्रश, ॲसिड यातलं काहीही लावायचं नाही, शेजारच्या काकूंनी कितीही सांगितलं तरी.

पॉलिशच्या खोलीत कॉम्प्युटर असेल तर तो आधी हलवा. चांदीचा भुगा वीज वाहतो आणि मदरबोर्डवर नको तिथं पूल बांधतो. कॅबिनेटला ब्लोअर मारताना आण्णांनी खाली कागद अंथरला आणि उडालेली धूळ पुडीत बांधून ठेवली. ती कारखान्याच्या कचऱ्यात मिसळून आटणीला गेली.

बाद पट्टी मात्र त्यांनी टाकू दिली नाही. चिमट्यात धरून उजेडात फिरवली, कसोटीच्या दगडावर हळूच घासली, मग काट्यावर ठेवली. वजन वहीत लिहिलं. शेजारच्या टंचाच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसले.