सातारा-सांगली, व्हाया लडाख

साताऱ्याकडे माणूस पन्नाशीला टेकला की त्याला एक तर अध्यात्म लागतं, नाही तर लडाख. अध्यात्माची आमच्याकडे उत्तम सोय आहे. सज्जनगड डोळ्यांसमोर, गोंदवलं दीड तासावर. लडाख मात्र अडीच हजार किलोमीटरच्या आसपास, आणि तिथं मोटारसायकलवरूनच जायचं असतं असा दंडक कुणीतरी घालून ठेवलाय. विमानानं लेहला उतरून आलेल्या माणसाचे फोटो आमच्या कट्ट्यावर कुणी बघत नाही. मला अध्यात्म झेपणार नव्हतं, म्हणून लडाख लागलं. अडचण एवढीच, की घरात फक्त एक स्कूटर होती आणि तिची किल्ली बायकोच्या पर्समध्ये असायची.

लांब पल्ल्याला आरामशीर आणि भरवशाची मोटारसायकल कोणती, असं मी सहज चहाच्या टपरीवर विचारलं. संध्याकाळपर्यंत ते सलूनपर्यंत पोचलं होतं. तिथल्या माणसानं वस्तरा माझ्या गळ्याशी असताना आपलं मत सांगितलं. मला ते तिथल्या तिथं पटलं. अशी बरीच मतं गोळा झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. ज्याचे हप्ते चालू आहेत, त्याला आपलीच गाडी जगात चांगली वाटते. हप्ते फिटलेला माणूस दुसरी सुचवतो. आणि ज्याच्याकडे गाडीच नाही, त्याला सगळ्याच गाड्यांची खडान्‌खडा माहिती असते.

मेव्हण्याचं मत मात्र टाळण्यासारखं नव्हतं. तो मिरजेला असतो आणि बुलेट बाळगतो. "दाजी, बुलेट सोडून दुसरं काय घेतलासा, तर आयर्विन पुलावरनंच मागं फिरा," असा त्याचा निरोप आला. बुलेटचं घराणं मोठं, यात वाद नाही. १९५५ पासून ती मद्रासेत बनते आहे, तीही आधी लष्करासाठी. सासऱ्यांकडे जुनी होती. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. ॲम्पिअरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसरची कळ दाबायची, मग किक. किक उलटली तर सासरे आठवडाभर लंगडत, आणि त्या लंगडण्याचाही त्यांना अभिमान असे.

मेव्हण्याची गाडी दहा-बारा वर्षांपूर्वीची, पण कंपनीनं दिलेली एकही वस्तू त्यानं जागेवर ठेवलेली नाही. हँडल बदललं, सीट बदललं, सायलेन्सर तर दोनदा. मिरजेत शिकलगारांनी हत्यारं सोडून तंबोरे-सतारी करायला घेतल्या, त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली. तेव्हापासून त्या गावाला कान आहे. मेव्हण्याचा मेकॅनिक इंजिन कानानंच लावतो. डोळे मिटून ऐकतो आणि "खर्ज जरा कमी पडतोय" म्हणतो. मी ती गाडी जयसिंगपूरपर्यंत चालवली. खर्ज पुरेपूर होता. तो आधी तळपायांत आला, मग दातांत, आणि आरशात मागचा एक ट्रक मला तीन-तीन दिसायला लागला. एका सिलिंडरचं, लांब स्ट्रोकचं इंजिन जोरात फिरवलं की ते थरथरणारच. पुढच्या इंजिनांत त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट घातला. मेव्हण्यानं मात्र थरथर वाढावी म्हणून पदरचे पैसे घातले होते. "कसं वाटलं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "भारी." सासुरवाडीला आणखी काय म्हणणार!

मग मी अपशिंग्याच्या एका निवृत्त सुभेदारांना गाठलं. अपशिंगे मिलिटरी हे आमच्या सातारा तालुक्यातलं गाव. 'मिलिटरी' हा तिथं नावाचाच भाग आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत. सुभेदारांनी लडाखला दोन हिवाळे काढलेले. माझा बेत त्यांनी शांतपणे ऐकून घेतला.

"म्हंजे रजा काढून जाणार?"

"हो."

"पैसं बी तुमचंच?"

"हो."

"आवं, आम्हाला तिथं न्यायला सरकारला हुकूम काढावा लागायचा," सुभेदार म्हणाले आणि सुनेला चहात आलं जास्त टाकायला सांगितलं. मला आल्याची गरज आहे असं त्यांना वाटलं असावं.

मी खारदुंगलाचा विषय काढला. जगातला सगळ्यात उंच गाडीरस्ता म्हणून तिथल्या पाटीवर कैक वर्षं १८,३८० फूट असा आकडा मिरवत होता. नीट मोजली तेव्हा खिंड १७,५८२ फुटांवर भरली. आठशे फुटांची ही थाप मला फार जवळची वाटली. मेव्हणा त्याच्या बुलेटचं ॲव्हरेज याच हिशेबानं सांगतो. "तिथं हवा इरळ," सुभेदार म्हणाले. "आमच्या टायमाला कार्बोरेटरवाल्या गाड्या धापा टाकायच्या." २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं आणि त्यापाठोपाठ गाड्यांना इंजेक्शनची यंत्रणा. हवा विरळ झाली की ती पेट्रोल आपोआप कमी सोडते, असं मी वाचून गेलो होतो, ते सांगितलं. "गाडीचं झालं," सुभेदार माझ्या पोटाकडे बघत म्हणाले. "तुम्हाला काय बसवलंय?"

आता शोरूम. शोरूममध्ये ट्रायल देतात ती पोवई नाक्यापासून बॉम्बे रेस्टॉरंट चौकापर्यंत, तीही मागं सेल्समन बसवून. एवढ्या अंतरात खाटसुद्धा आरामशीर वाटेल. शरीराच्या तक्रारी सुरू होतात साधारण उंब्रजला, आणि कराडला कोयनेच्या पुलावर त्यांना वाचा फुटते. म्हणून सीट अंगठ्यानं दाबून बघून खूश होणाऱ्यांनी सोफा घ्यावा. मऊ फोम तासाभरात दबतो आणि मग आपण खालच्या पत्र्याशी थेट बोलतो. घट्ट सीट आधी परकं वाटतं, पण दिवसभर साथ देतं. तीच गोष्ट बैठकीची. पुढं वाकून चालवायच्या गाडीत सगळं धड मनगटांवर येतं. पाय पुढं सोडून बसायची गाडी दिसायला संस्थानिकाची, पण खड्डा आला की पायांवर उठता येत नाही आणि तो सबंध खड्डा माकडहाडाकडे वर्ग होतो. आष्ट्याच्या रस्त्यानं ज्यानं एके काळी सांगली गाठली आहे, त्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. पाठ सरळ, कोपर किंचित वाकलेलं, पावलं गुडघ्यांच्या खाली. शाळेत मास्तर बसवायचे तसं बसवणारी गाडी हवी.

वजनाबद्दल सेल्समन बोलत नाहीत. सीसी सांगतात, हॉर्सपॉवर सांगतात, मोबाइल चार्ज करायचं भोक दाखवतात. मी एका मोठ्या थोरल्या ॲडव्हेंचर गाडीवर बसलो, तर एका वेळी एकच पाय जमिनीला पोचत होता. "हायवेला पाय टेकायचेच नसतात, सर," सेल्समन म्हणाला. खरं आहे. पण कासला फुलांच्या दिवसांत, उतारावर, चिखलात लावलेली दोनशे किलोची गाडी मागं ओढून बाहेर काढायची असते, तेव्हा हॉर्सपॉवर आपलीच लागते. मी त्याला म्हटलं, "इंजिन बंद ठेव. मला फक्त ढकलून बघायची आहे." त्यानं मॅनेजरला बोलावलं.

आमच्याकडचे खरे लांब पल्ल्याचे स्वार कोण, हा विचार मला या शोरूमवाऱ्यांतच सुचला. रविवारी पुण्याहून यवतेश्वरच्या घाटात येणारी मंडळी गुडघ्याला वाट्या, पाठीला कवच आणि हेल्मेटवर कॅमेरा लावून येतात, मिसळ खातात आणि परत जातात. त्यांच्या शेजारून आमचा दूधवाला जातो. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन, पाठीवर प्लॅस्टिकचा कागद, समोर जावळीचा पाऊस. त्याच्याखाली असते १९९४ पासून रस्त्यावर असलेली स्प्लेंडर, ९७ सीसीची. त्याला मी विचारलं, "कधी बंद पडली का?" तो विचारात पडला. "पेट्रोल संपलं तवा पडलीती."

आणखी एक परीक्षा म्हणजे ज्योत. नवरात्रात सांगली भागातली मंडळं तुळजापूरहून ज्योत आणतात. पोरं पळतात आणि मागं त्यांच्या मोटारसायकली, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रात्रभर. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला यापेक्षा मोठा छळ नाही, कारण हवाच मिळत नाही. मागं तिघं बसलेले, एकाच्या हातात झेंडा. ही परीक्षा पास झालेली गाडी खारदुंगलाला घाबरत नाही. त्या ताफ्यात मी शंभर-सव्वाशेच्या गाड्याच जास्त पाहिल्या, आणि अधूनमधून एखादी बुलेट. परदेशी नावाची एकही नाही.

मग माझी परीक्षा मी ठरवली. साताऱ्याहून सांगलीला जाताना रस्त्याकडेच्या प्रत्येक गॅरेजपाशी थांबायचं आणि भिंतीवरच्या खिळ्याला कुठल्या गाडीच्या क्लचवायरी लटकल्यात ते बघायचं. भरवसा म्हणजे गाडी बंद न पडणं नव्हे. लोखंडच आहे, कधी तरी पडणारच. रविवारी दुपारी पेठ नाक्यावर, मालक जेवायला गेलेला असताना, चौदा वर्षांचं पोरगं ती चालू करू शकतं का, एवढाच प्रश्न. चे गव्हेरानं १९५२ साली दक्षिण अमेरिका पालथी घातली ती ५०० सीसीच्या नॉर्टनवर. तिचं नाव 'बलाढ्य' अशा अर्थाचं होतं. बलाढ्य बाईंनी चिलीत मान टाकली आणि पुढची क्रांती ट्रकमधून झाली. खिळ्यावर नॉर्टनचं सामान नव्हतं, दुसरं काय!

खिळ्यांचा निकाल असा लागला. स्प्लेंडर सगळीकडे. पल्सर जवळजवळ सगळीकडे. बुलेट प्रत्येक मोठ्या गावात. बाकीच्या गाड्यांचं नाव काढलं की "पुण्यास्नं मागवावं लागंल". पुणे उंब्रजहून तरी गाठता येतं. झांस्करमधून कसं गाठणार?

स्प्लेंडर घेऊन मोकळा झालो असतो. पण हायवेला शेजारून ट्रक गेला की ११२ किलोची गाडी त्याच्या वाऱ्यानं हलते, हेही मी पाहिलं होतं. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, आणि खंबाटकीच्या उतारावर पावसात मला ते हवंच होतं. राहिली नवी बुलेट. ३४९ सीसी, वीस हॉर्सपॉवर, १९५ किलो, बॅलन्सर शाफ्ट असलेली. टायरमध्ये ट्यूब आहे हा दोष, पण पंक्चरवाल्याला ट्यूबच जास्त ओळखीची.

शेवटचा निकाल मागच्या सीटवर लागायचा होता. ही शोरूममध्ये आली आणि बसून म्हणाली, "धरायचं कशाला?"

"सरांना धरा ना, मॅडम," सेल्समन म्हणाला.

"सरच कशाला तरी धरून बसणारेत."

मागच्या माणसाला धरायला दांडी आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून झाकण, ही मोटार वाहन नियम १९८९ मधली कायद्याचीच अट आहे, हे मी वाचून गेलो होतो. सांगितलं. त्यावर तिनं दांडी हलवून बघितली, सीट दाबून बघितलं नाही, नुसती बसून राहिली. सेल्समननं आणखी तीन गिऱ्हाइकं केली, तरी ही बसलेलीच. मग उतरली आणि म्हणाली, "सांगलीपर्यंत येईन. लडाखला तुमचं तुम्ही."

बुलेट घेतली. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही. सांगलीला गेलो की गाडी विश्रामबागेत एका मित्राच्या दारात लावतो आणि मिरजेला रिक्षानं जातो. लडाखला जायचं तर जून बरा, आणि जूनमध्ये इकडे मुलांच्या शाळा, भाताची पेरणी आणि मेव्हण्याच्या पोरीचं लग्न आहे.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा ट्रायलच्या नादी लागू नका. गाडी स्टँडवर लावायला सांगा आणि अर्धा तास नुसते बसून राहा. सेल्समन चहा विचारील. घ्या, पण उठू नका.