चार माणसं, चार दुलया

कॅम्परव्हॅनच्या जाहिरातीत गाडीचं मागचं दार नेहमी उघडं असतं. आत पांढरीशुभ्र चादर, बाहेर निळं सरोवर आणि दारात कॉफीचे पेले धरून बसलेलं एक तरुण जोडपं. हे जोडपं रात्री काय पांघरतं आणि ते पांघरूण दिवसा कुठे ठेवतं, याचा खुलासा जाहिरातीत नसतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आम्ही चौघांनी सहल केली, तिचा बराचसा भाग हा खुलासा शोधण्यात गेला.

चौघं म्हणजे मी, ही, हिची थोरली बहीण ताई आणि ताईंचे यजमान, म्हणजे आमचे साडू, अण्णा. अण्णांची सगळी नोकरी धान्याच्या गोदामांत गेली. पोत्यांची थप्पी कशी लावावी, भिंतीपासून किती लांब ठेवावी, खाली लाकडी फळ्या का घालाव्यात, यावर ते तासभर बोलू शकतात. मात्र निवृत्त झाल्यापासून त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. क्राइस्टचर्चला गाडी ताब्यात घेताना काउंटरवरच्या मुलीने माणशी एक दुलई, दोन उशा, चादर आणि टॉवेल असा ऐवज हसत हसत आत ढकलला, गाडी भरली आणि आम्ही बाहेरच उरलो, तेव्हा अण्णांचा चेहरा उजळला.

"जागा कमी नसते," ते म्हणाले, "लावणारा कमी पडतो."

या दुलया कृत्रिम धाग्याच्या भरणाच्या. वजन विचाराल तर काहीच नाही, आकार विचाराल तर एकेक दुलई वरपक्षाच्या खोलीला पुरेल एवढी. गाडी बनवणाऱ्याने पलंगाचा विचार मात्र झकास केला होता. दिवसा मागे दोन बाक आणि मध्ये टेबल. रात्री टेबलाचा पाय काढायचा, फळी दोन बाकांमधल्या खाचेत बसवायची, पाठीच्या गाद्या फटीत सरकवायच्या, की झाला डबल बेड. दुसरा बेड ड्रायव्हरच्या डोक्यावर, शिडीने चढायचा. वयाने लहान म्हणून तो आमच्याकडे आला. (साठीनंतर असं लहान ठरण्यात एक वेगळाच आनंद असतो, तो शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत टिकतो.) सकाळी पलंग नाहीसा होतो. पलंगावरचं अंथरूण-पांघरूण मात्र होतं तिथेच, होतं तेवढंच राहतं. त्याचा विचार बनवणाऱ्याने ग्राहकावर सोपवलेला.

बाकांखाली बघितलं तर पाण्याची टाकी, बॅटरी, विजेची लांब वायर आणि पाण्याचा पाइप. वरच्या कपाटांत ताईंचे डबे. त्या देशात खाण्याची वस्तू न सांगता आत आणली तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड होतो, म्हणून ताईंनी विमानतळावरच्या फॉर्मवर मेतकुटापर्यंत सगळं इमानाने लिहिलं होतं. इतक्या अग्निपरीक्षेतून सुटलेले डबे दुलयांसाठी जागा सोडतील ही आशाच नको. डोक्यावरच्या बेडवर चार टणक सूटकेसा. कॅम्परव्हॅनमध्ये टणक सूटकेस आणणाऱ्याला चालत पाठवावं, असं माझं मत आहे. पण त्यातल्या दोन ताईंच्या असल्यामुळे मी ते मांडलं नाही.

राहिली एकच मोकळी खोली, ती म्हणजे संडास-बाथरूम. रस्त्याकाठी फुकट मुक्काम करायचा तर गाडीला प्रमाणपत्र लागतं आणि 2023 च्या कायद्याने त्यासाठी गाडीत पक्का बसवलेला संडास असावा लागतो. अण्णांनी त्यात चारही दुलयांची थप्पी लावली, पोटाने दार लावलं आणि आम्ही निघालो. जेराल्डिनच्या अलीकडे ताईंनी चौकशी केली. त्या चौकशीपायी थप्पी उतरवावी लागणार होती, आणि उतरवून ठेवायची तर रस्त्यावरच. शेवटी गाव येईपर्यंत धीर धरून आम्ही सार्वजनिक शौचालय गाठलं. न्यूझीलंडमध्ये ती जागोजाग असतात आणि बहुतेक ठिकाणी स्वच्छ, फुकट असतात. परत आल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "संडासासकट गाडी घेतली, तिचा संडास दुलया वापरतायत."

टेकापो सरोवराच्या काठी 1935 साली बांधलेलं दगडी चर्च आहे. वेदीमागच्या मोठ्या खिडकीतून सरोवर आणि डोंगर दिसतात. जगभरचे लोक ते बघायला येतात. आमचे अण्णा त्या सकाळी गवतावर दुलईवर बसले होते. हवा काढायच्या प्लॅस्टिक पिशव्या त्यांनी ठाण्याहून आणल्या होत्या. दुलई आत भरायची, तोंड बंद करायचं आणि गुंडाळत, दाबत हवा एका बाजूने बाहेर घालवायची. एका दुलईला दोन साडू लागतात. आम्ही बसलो, लोळलो, गुडघे टेकले. एक कोरियन कुटुंब दूर उभं राहून आदराने बघत होतं. त्यांना तो बहुधा योगाचा प्रकार वाटला असावा. पिशव्या खरोखरच चपट्या झाल्या. वजन तेवढंच राहतं, फक्त हवा जाते. आणि दुलईची ऊब तर त्या हवेतच असते. फार दिवस दाबून ठेवलं तर भरण पुन्हा फुलत नाही. कपाटात थोडे दिवस ठेवायला ही युक्ती नामी आहे. रोज सकाळी करायची तर न्याहारी दोनदा लागते.

त्यात ओल. एप्रिलमधल्या थंडीत दारं-खिडक्या घट्ट लावून चार माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार काचांवर पाणी होऊन बसते. गाद्या खालून दमट होतात, कारण अंगाची ऊब वरून आणि गार फळी खालून. या बाबतीत अण्णा शंभर टक्के बरोबर निघाले. पोत्यांखाली फळ्या घालतात त्या हवा खेळावी म्हणून, तसंच गादीचं. सकाळी उठल्या उठल्या दुलई गुंडाळली की रात्रीची ओलही सोबत गुंडाळली जाते. छताची झडप रात्रभर बोटभर उघडी ठेवायची, सकाळी आधी गाद्या उभ्या करायच्या, मग चहा. थंडी वाजेल. वाजू दे.

पुकाकी सरोवराशी ऊन पडलं, तशी आम्ही गाडीच्या आरशापासून एका खांबापर्यंत दोरी बांधली आणि सगळं वाळत घातलं. समोर 3,724 मीटरचा आओराकी, म्हणजे माउंट कुक, अख्खा मोकळा. तो महिनोन् महिने ढगांत असतो असं म्हणणारे तिथे उभेच होते. एक बस थांबली. उतारूंनी पटापट फोटो काढले. आज जगातल्या किती घरांत आओराकीच्या पायथ्याशी ताईंची सोलापुरी चादर फडकते आहे, देव जाणे.

पुढे लिंडिस खिंड. उंची 971 मीटर, रस्ता वळणावळणाचा, दोन्ही बाजूंना पिवळ्या गवताचे डोंगर. मी गाडी चालवत होतो, अण्णा शेजारी बसून खिंडीची माहिती देत होते. मागच्या वरच्या कपाटात त्यांनी ताईंना मोठ्या मिनतवारीने एक खण मोकळा करायला लावला होता आणि त्यात एक चपटी पिशवी ठेवली होती. ऐन चढावर फस्स आवाज आला. मग कपाटाची कडी टक्कन उघडली आणि दुलई सावकाश, काही घाई नसल्याप्रमाणे, खाली बसलेल्या ताईंच्या डोक्यावर उतरली.

"उंचीवर हवा विरळ होते," अण्णा मागे न बघता म्हणाले.

दुलईच्या आतून ताईंचा आवाज आला, "हवेला काय बोल लावता? माझी सेफ्टी पिन आहे इथे अडकलेली."

वानाकाला पोचल्यावर ताईंनी कारभार हातात घेतला. आधी सूटकेसा रिकाम्या करून एकात एक घातल्या. चारांच्या दोन झाल्या. त्या मागच्या सामानाच्या खणात गेल्या. वरचा बेड मोकळा झाला, तसं आमचं अंथरूण रात्रंदिवस तिथेच पसरलेलं राहिलं. तो बेड दिवसा कोणाच्या वाटेत येतच नाही, हे आम्हा दोघा पुरुषांना वानाकापर्यंत सुचलं नव्हतं. मग ताईंनी सुती साडी फाडून दोन तुकडे केले. खालच्या दोन दुलया लांबट घडी घालून गच्च गुंडाळल्या, त्या तुकड्यांत बांधल्या, दोन्ही टोकांना गाठी मारल्या. झाले दोन लोड. बाकावर ठेवले आणि टेकून बसलो, तर गाडीत बैठक सजली. लोडाला टेकून अण्णांनी पान नसतानाही पान लावल्याचा हावभाव केला.

दुलईला जागा लागत नव्हती, काम लागत होतं. दिवसा टेकायला, रात्री पांघरायला. आमच्या आजीच्या घरी एकही पांघरूण बेकार बसत नसे, त्यातलाच हा प्रकार. संडास ताईंना परत मिळाला. अण्णांनी मात्र शेवटपर्यंत त्या रचनेला "थप्पीच आहे, आडवी" असं म्हटलं आणि श्रेय सोडलं नाही.

पश्चिम किनाऱ्याला हास्टपाशी आलो तेव्हा या लोडांनी खरी लाज राखली. तिथे पाऊस असा, की आंबोली आठवावी. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पाऊस थांबला की सँडफ्लाय येतात. दिसायला चिलटं, चावायला पोलीस. कॅप्टन कुकने 1773 मध्ये डस्की साउंडला त्यांची तक्रार लिहून ठेवली आहे आणि अजून तिची दखल कोणी घेतलेली नाही. अशा ठिकाणी दार उघडून दुलया वाळवणं, झटकणं, दाबणं यातलं काहीही शक्य नसतं. जे आहे ते आतल्या आत आणि बसल्या जागी उरकावं लागतं.

तर तिकडे जाणार असाल तर सामान मऊ पिशव्यांत भरा आणि घरातल्या जुन्या साडीचे दोन लांब अभ्रे शिवून न्या. नवरा-बायकोला एक मोठी दुलई पुरते, फार तर वर एक गोधडी. तेव्हा काउंटरवरची मुलगी कितीही गोड हसली तरी सही करण्याआधी दुलया मोजा आणि निम्म्या तिथेच परत करा.