भरलं की सोडायचं

पाऊस लागून महिना झाला की पनवेलकर एकमेकांना ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारायचं सोडून ‘देहरंग भरलं का?’ असं विचारू लागतात. माथेरानच्या डोंगरातून निघालेली गाढी नदी मालडुंग्याच्या अलीकडे-पलीकडे जिथे अडवली आहे ते हे धरण. कोणी त्याला गाढेश्वर म्हणतं, कोणी देहरंग. 1852 साली नगरपालिका झालेल्या या गावाचं हक्काचं पाणी. सांडव्यावरून पहिली धार पडली की फोटो घरोघर फिरतात, आणि ज्याने आयुष्यात कधी नदीला नमस्कार केला नाही तोही ‘चला, यंदाची काळजी मिटली’ म्हणतो. ती मिटलेली काळजी साधारण एप्रिलात परत येते, पण जुलैमध्ये तो विषय कोणी काढत नाही.

धरण म्हणजे साठवण, हे आपल्या अंगात इतकं भिनलंय की भरल्या धरणाचे दरवाजे उघडले तरी आपल्याला चुकचुकल्यासारखं होतं. म्हणूनच ऑस्ट्रियातल्या एका धरणाची हकिगत वाचून मला पहिल्यांदा रागच आला. बाड गोइझर्न गावाजवळच्या रानात एका अरुंद घळीत हे दगडी धरण उभं आहे. नाव खोरिन्स्की क्लाउझ, बांधून झालं 1819 साली. प्यायला नाही, शेतीला नाही, विजेला तर नाहीच. हे धरण भरायचं ते रिकामं करण्यासाठी, तेही एका दमात.

त्या काळी डोंगरातली झाडं तोडून ओंडके धरणाच्या खालच्या अंगाला ओढ्याच्या पात्रात आणून टाकायचे. एरवी त्या ओढ्यात पाणी असं कितीसं असणार? त्यात ओंडका काय, काटकी वाहायची पंचाईत. मग वरच्या बाजूला पाणी तुंबवत राहायचं. तळं काठोकाठ झालं की दरवाज्याला आतून रेटा बसतो, आणि तो सगळा रेटा एका अडसरावर तोललेला असतो. ठरल्या वेळी एका माणसाने तो अडसर ठोकून मोकळा करायचा. की दरवाजा धाडकन उघडतो, पाण्याची भिंत खाली झेपावते आणि पडून राहिलेले ओंडके एकमेकांवर आपटत, आडवे-तिडवे होत दरीतून धावत सुटतात. काठाने लांब दांड्यांचे आकडे घेतलेली माणसं पळतात, कारण एक ओंडका खडकात आडवा अडकला की मागच्या शंभरांचा रस्ता बंद. असा तुंबा फोडायला जाणाऱ्याने घरी निरोप सांगून निघावं, इतकं ते काम जिवावरचं. तळं रिकामं झालं की दरवाजा लावायचा आणि पुन्हा पाण्याची वाट बघत बसायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर मिठासाठी. त्या भागात मिठाच्या खाणी. खारं पाणी आटवून मीठ काढायचं तर भट्टी अखंड पेटती हवी. हालस्टाट या खाणीच्या गावाच्या आसपासचं सरपण पुरेना, म्हणून 1607 सालीच तिथल्या लोकांनी पोखरलेल्या ओंडक्यांचे नळ जोडून खारं पाणी एबनझे गावापर्यंत नेलं होतं. म्हणजे पाणी लाकडातून आणि लाकूड पाण्यातून. आमच्या उरण-पेणच्या मिठागरवाल्याला हे सांगा, तो पोट धरून हसेल. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं आणि सूर्याच्या हवाली करायचं. ऑस्ट्रियात जंगलं जळली ते काम इथे मार्चचं ऊन फुकटात करतं. त्याच्या बदल्यात ते आपल्यालाही भाजून काढतं, ही गोष्ट वेगळी.

गाढीवर असं धरण कोणी का बांधलं नाही, याचं उत्तर तिच्या स्वभावात आहे. पावसाळ्यात तिला धक्का द्यावा लागत नाही आणि मे महिन्यात धक्का दिला तरी उठत नाही. शिवाय आपला साग. ओला साग पाण्यात टाकला तर तळ गाठतो. तो तरंगायला हवा असेल तर उभ्या झाडाची साल आणि खालचं कोवळं लाकूड गोल खाचून, दोन-तीन वर्षं त्याला जागच्या जागी वाळू द्यायचं, मग तोडायचं. एवढा धीर धरण्यापेक्षा बैलगाडी बरी. पनवेलला गाड्यांचा तोटा नव्हता. बोरघाटाचा रस्ता 1830 साली गाड्यांना खुला झाला, घाटावरचा माल पनवेलला उतरायचा, मचव्यात चढायचा आणि मुंबईला जायचा. जुन्या गॅझेटियरात पनवेलच्या चाकांची नोंद आहे. घाटावरचा गाडीवान परतताना इथून चाकांची जोडी घेऊन जाई. तुंबा, आरे, वर लोखंडी धाव. रानातलं लाकूड पाण्यावर बसून कुठे गेलं नाही, स्वतःच गोल होऊन घाट चढलं. मला तरी हे जास्त शहाणपणाचं वाटतं, पण मी पनवेलचा.

तरंगत्या सागाने कोकणाला एक पाहुणा मात्र दिला. ब्रह्मदेशात साग असाच वाळवून ओढ्यांत टाकत. धरण लागत नसे, पावसाळी लोंढाच ते काम करी, आणि अडकलेले ओंडके हत्ती सोडवत. हा धंदा करणारी मोठी कंपनी मुंबईची, बॉम्बे बर्मा. नोंदीपेक्षा जास्त ओंडके वाहून नेल्याचा ठपका ठेवून तिथल्या थिबा राजाच्या दरबाराने तिला जबर दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. 1885 च्या नोव्हेंबरात पंधरवड्यात राज्य आटोपलं आणि राजा रत्नागिरीला आला तो 1916 साली तिथेच वारला. पर्यटक आज त्याचा राजवाडा बघून ‘किती हवेशीर!’ म्हणतात. ओंडक्यांची मोजदाद चुकली की नाही, हे विचारायला कोणी थांबत नाही.

खोरिन्स्कीचा अडसर ठोकणारा माणूस मला ओळखीचा वाटतो, कारण तो आमच्या सोसायटीत आहे. पाणी दिवसाआड आलं की जमिनीखालच्या टाकीत तुंबून राहतं, आणि संध्याकाळी सहाला वॉचमन कॉक फिरवतो. त्या क्षणी चार मजल्यांवरच्या बादल्या, पिंपं आणि माणसं एकदम हलतात. जिन्यात दोन जण आडवे आले की वरची सगळी वर्दळ ठप्प. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, ‘अहो, अजून दहा मिनिटं ठेवता का?’

वॉचमन किल्ली खिशात टाकत म्हणाला, ‘ठेवलं असतं काकू, पण टाकीत काही ठेवलंय कुठं तुम्ही?’