मानाचा स्टँड

वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाचा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट. अख्खं कोल्हापूर त्याच्या पायथ्याशी. एवढ्या उंचीवर राहूनही तिथल्या एका घरात लॅपटॉपचा पडदा डोळ्यांपेक्षा सहा इंच खाली पडतो, आणि त्या सहा इंचांपायी घरात माघापासून शांतता नाही.

खरं तर जोतिबाला आलेल्या माणसाची मान आपसूक वर जाते. १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलेल्या देवळाचं शिखर बघायचं तर वर, चैत्र यात्रेत नाचवतात त्या उंच सासनकाठीचा शेंडा बघायचा तर त्याहून वर. दिवसभर आभाळाकडं बघून, गुलालानं माखून, चांगभलं म्हणत माणसं उतरतात. मानेला पट्टा बांधून उतरलेला भाविक कुणी पाहिलेला नाही. खाली मान घालून बसणारी जमात डोंगरावर नवी. २०२० आणि २०२१ ची चैत्र यात्रा कोरोनानं भाविकांविना गेली, त्याच दिवसांत पुण्याच्या कंपन्यांतली पोरं लॅपटॉप पाठीला लावून घरी आली. यात्रा परत सुरू झाली. सगळी पोरं परत गेली नाहीत.

त्यातल्याच एकाला कंपनीची मेल आली. मानेची काळजी घ्या, पडदा डोळ्यांच्या रेषेत ठेवा, दर अर्ध्या तासानं उठा. ही मेल रात्री पावणेबाराला आली, आणि ती वाचायलाही त्याला मान खाली घालावी लागली. सोबत न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज नावाच्या मणक्याच्या शल्यविशारदानं २०१४ साली मांडलेला हिशेब होता. डोकं सरळ असलं की मानेवर साडेचार-पाच किलोंचा भार, १५ अंश झुकलं की १२ किलो, ६० अंश झुकलं की २७. हा भार कुणाच्या मानेला ताणकाटा लावून मोजलेला नाही, गणिती नमुन्यावरून काढलेला आहे. पण आकडा किलोत असला की आपल्याकडं तो खरा धरतात. पोरानं तो मोठ्यानं वाचला. आजी कांदा चिरता चिरता म्हणाली, "सत्तावीस किलो? आत एवढं काय हाय रं त्यात?"

झालं, स्टँड घ्यायचं ठरलं. माघातल्या रविवारी माणसं कोल्हापुरातून पायी वर खेटे घालत होती, तेव्हा हा गडी मोटारसायकलवरून खाली राजारामपुरीत खेटे घालत होता. उरलेला वेळ मोबाइलवर. स्टँडची माहिती वाचताना मान किती अंशांत होती, हे हंसराजांनाच ठाऊक. लोखंडी स्टँड, ॲल्युमिनियमचा, लाकडी, घडी होऊन पिशवीत बसणारा, एका बिजागरीचा, दोन बिजागऱ्यांचा, खाली पंखा असलेला, पंख्याला निळा दिवा असलेला. भाव चारशेपासून पाच हजारांपर्यंत. पाच हजारवाल्याच्या खोक्यावर एक गोरी बाई हसत बसलेली. तिची मान सरळ होती हे खरं, पण तिच्या पडद्यावर कामच नव्हतं.

घरातल्या प्रत्येकाकडं फुकटचा स्टँड तयार होता. आई म्हणाली, चौरंग घे. चुलत्यानं शाळेतली पत्र्याची ट्रंक काढून दिली. वहिनींनी जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सुचवला, कारण त्यांना तो कपाटातून हलवायचाच होता. यातलं काहीही चाललं असतं. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, पडदा हातभर लांब, एवढाच काय तो नियम. पण चौरंगाचं बिल निघत नाही, आणि बिल नसलं की कंपनी पैसे देत नाही. शिवाय व्हिडिओ मीटिंगमध्ये ट्रंक दिसली तर लोक काय म्हणतील!

आमचा राग मात्र स्टँडवर नाही, यंत्रावर आहे. पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला बांधून टाकले, तिथंच माशी शिंकली. पडदा डोळ्यांपाशी नेला की हात खांद्यापाशी जातात. हात टेबलावर आणले की डोकं खाली. ही मिटवता येणारी रचना बिल मॉग्रिज या इंग्रज डिझायनरची, १९८२ च्या ग्रिड कंपास या लॅपटॉपमधली. नासानं तो अवकाशयानातही नेला. तिथं डोक्याला वजनच नसतं, त्यामुळं तक्रार आली नसणार. युरोपातले लोक मात्र जमिनीवर राहतात. त्यांनी १९९० साली निर्देशच काढला की पडद्यासमोर काम करणाऱ्याचा कीबोर्ड पडद्यापासून सुटा हवा. लगेच पळवाटही ठेवली: जिथं सतत वापर नाही, तिथली उचलून न्यायची यंत्रं यातून वगळली. आमच्या पोराचा लॅपटॉप सकाळी नऊ ते रात्री पावणेबारा चालतो, पण उचलून नेता येतो ना? आपला १९४८ चा कारखाना कायदा तर आणखी भोळा होता. त्याचं ४४ वं कलम सांगायचं, उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय द्या. बसून बसून माणूस मोडेल हे कायदा लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसावं.

शेवटी दोन बिजागऱ्यांचा, भरपूर उंच होणारा स्टँड आला. पोरगं खूश. शेजारचे आबा बघायला आले. आबांनी तरुणपणी सासनकाठी नाचवलेली. तीस-चाळीस फुटांचा वेळू अंगावर तोलून, हलगी-पिपाणीच्या तालावर, गर्दीतून. त्यांनी स्टँड वर केला, लॅपटॉप ठेवला, आणि टेबलावर मनगटानं दोन हलके ठोके दिले. पडदा हो-नाही हो-नाही करत हलत राहिला.

"वजन सगळं वर, आनि बूड वीतभर," आबा म्हणाले. "काठी उंच हाय म्हनून उभी ऱ्हात न्हाई बाबा. खाली नाचवनाऱ्याचे पाय पक्के लागतात, आनि चारी बाजूंनी तोरण्यांचे दोर धरनारी मानसं लागतात. ह्याच्या तोरण्या कोन धरनार? तुझा म्यानेजर?"

एवढी अचूक परीक्षा राजारामपुरीतल्या कुठल्याच दुकानदारानं घेतली नव्हती. बूड रुंद आणि जड, पडद्याचा भार बुडाच्या आत, बिजागरी घट्ट, आणि टाइप करताना न हलणं. बाकी निळा दिवा वगैरे सगळा गुलाल. पण न हलण्याचा खरा उपाय म्हणजे स्टँडवरच्या लॅपटॉपला हातच लावायचा नाही. म्हणून सुटा कीबोर्ड आला. कीबोर्ड आल्यावर माउस आला. त्यांच्यासाठी टेबल उंच वाटू लागलं, म्हणून खुर्ची वर घेतली. खुर्ची वर घेतल्यावर पाय अधांतरी, म्हणून पायाखाली चौरंग आला. चौरंग अखेर कामाला आला, पण तीन वस्तूंची बिलं झाल्यावर. शिवाय खुर्ची वर गेली तसे डोळेही वर गेले, आणि स्टँड पुन्हा दोन बोटं कमी पडला.

एकदा वडिलांनी वीजबिल भरायला त्याच लॅपटॉपसमोर बैठक मारली. त्यांचा चष्मा दुहेरी भिंगांचा. जवळचं बघायला खालची काच, म्हणून पडदा वर गेला तसं त्यांचं तोंडही वर गेलं. हनुवटी छताला, मान मागं. दहाव्या मिनिटाला मानेत लचक. असल्या चष्मेवाल्यांनी पडदा उलट खालीच ठेवावा, हे त्या खोक्यावर कुठंच छापलेलं नव्हतं. गोऱ्या बाईला चष्मा नव्हता.

चैत्री यात्रेच्या आदल्या दिवशी मात्र स्टँडनं खरा गुण दाखवला. लॅपटॉप टेबलावर असायचा तेव्हा मीटिंगमध्ये पोराच्या नाकपुड्या आणि छताचा पंखा एवढंच दिसायचं. पुण्यातले सहकारी त्याला पंख्यावरून ओळखत. आता कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत. पोराचे डोळे दिसले, कानांमागचा गुलाल दिसला, मागं उतरलेली पाहुणेमंडळी दिसली, आणि दारातून आत येणारी, खोबऱ्याच्या वाट्यांनी भरलेली परातही दिसली.

"चेहरा एवढा लाल का आहे?" मॅनेजरनं विचारलं.

"सर, कॅमेऱ्याचा रंग बिघडलाय."

"चांगला स्वच्छ दिसतोय की. सोमवारपासून सगळ्यांनी दिवसभर कॅमेरा चालू ठेवायचा."

त्याच संध्याकाळी लॅपटॉप पुन्हा टेबलावर उतरला. पुण्याला पंख्याचं दर्शन पूर्ववत सुरू झालं. स्टँड आजीनं ताब्यात घेतला आणि त्यावर जोतिबाची केदारविजय पोथी मांडली. पोथीला टाइप करायचं नसल्यानं स्टँड अजिबात हलत नाही. आजीची एकच तक्रार आहे. ती रोज नातवाला बजावते, "कंपनीला कळीव, वाऱ्यानं पानं उलटत्यात. सोबत एक चिमटा द्यायला काय झालंतं म्हनावं!"